माळ्यावरचे पाय

सुताराची थोरली तीन आठवड्यांची रजा काढून घरी आली, ती वडिलांचं मनगट मोडलं म्हणून. सत्तरीला टेकलेले वडील शेजारच्या काकूंच्या खिडकीला बिजागरी बसवायला शिडीवर चढले होते. बिजागरी नीट बसली, वडील पडले. आता उजव्या हाताला प्लास्टर घालून ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालत, आणि थोरली भाजी चिरायला बसली तरी "अशी नाही, सुरी तिरकी धर" म्हणून मागे उभे राहत. आई जाऊन सात वर्षं झाली होती. धाकटा समुद्रापार नोकरीला. तेव्हा करणार कोण, तर थोरली.

चौथ्या दिवशी सकाळी ती पाव आणायला बाहेर पडली आणि चौकाच्या उतारावर थबकली. समोरून पोस्टाच्या गणवेशातली एक बाई दोन कुबड्यांवर येत होती. उजव्या खांद्यावर टपालाची पिशवी, डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही. प्रत्येक दारापाशी ती एक कुबडी काखेत दाबून धरायची, पत्र काढायची, फटीतून आत सरकवायची आणि कुबडी सावरून पुढच्या दाराकडे निघायची. पंचेचाळिशीची असेल. कपाळावर घाम होता, पण चाल थांबत नव्हती.

थोरलीचा धंदाच असा, की ती चेहरे विसरायची, गुडघे विसरायची नाही. मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या कार्यशाळेत ती चौदा वर्षं कृत्रिम पाय बनवत होती. हा गुडघा तिच्या हाताखालून गेला होता.

"तुम्ही चार वर्षांपूर्वी आमच्याकडून पाय करून घेतला होता ना?" तिने विचारलं.

बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "अगं, तू सुतारकाकांची थोरली ना? तू होतीस होय तिथे? नाकातोंडाला फडकं बांधलं होतंस, ओळखणार कशी मी! तुमच्या घरचं टपाल मीच टाकते की."

"मग पाय कुठे आहे?"

"आहे ना. अगदी छान आहे. माळ्यावर ठेवलाय."

जास्तीच्या पांघरुणांबद्दल बोलावं, तशा आवाजात ती हे बोलली.

"अगं, दोन महिने घातला," टपालताई सांगू लागली. सगळं गाव तिला टपालताईच म्हणायचं. "मग दुपार झाली की असा टोचायला लागायचा, की डोळ्यांत पाणी. नीट करून घ्यायचा तर पहाटेची बस, सात तास, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी नंबर, तिसऱ्या दिवशी परत. दोनदा गेले. तुमच्या त्या गुळगुळीत फरशीवर चालून दाखवलं, तर एकदम झकास! घरी आले की पुन्हा तेच. शेवटी म्हटलं, मरू दे. कुबड्या निदान टोचत तरी नाहीत."

पाव न घेताच थोरली घरी आली. वडिलांनी विचारलं तर म्हणाली, "विसरले." सांगितलेलं काम ती आयुष्यात पहिल्यांदाच विसरली होती, म्हणून वडील स्वतःच डाव्या हातात पिशवी घेऊन निघाले.

तिच्या कार्यशाळेत दारातच एक फळा होता. आजवर किती पाय दिले, तो आकडा त्यावर खडूने लिहिलेला असायचा आणि दर आठवड्याला वाढायचा. पाहुणे आले की मोठे सर, म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख, त्यांना आधी त्या फळ्यापाशी नेत. त्यातले किती पाय माळ्यावर गेले, याचा फळा कुठे नव्हता. माणसं लांबून यायची, दोन दिवसांत माप, साचा, पाय, आणि तिसऱ्या दिवशी बस धरून नाहीशी व्हायची. पुढे ती चालली की बसली, हे थोरलीने कधी पाहिलंच नव्हतं. पाहायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती टपालताईच्या घरी गेली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून पाय खाली काढला. जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवला होता. पायाची वरची वाटी, ज्यात माणसाचा उरलेला पाय बसतो, तिने बोटांनी आतून चाचपली. काम चोख होतं. कडा गुळगुळीत, जाडी सारखी. स्वतःच्या कामाचा तिला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची लाजही वाटली.

"हा मी नीट करून देते. असे अजून आहेत का इथे?" तिने विचारलं.

टपालताई हसली. वीस वर्षं घरोघर फिरलेली बाई ती. कोणाकडे कोण आलं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, सगळं तिला ठाऊक. ती बोटांवर मोजू लागली. "गिरणीच्या मागे शिंपी आहे, त्याचा खाटेखाली. पाण्याच्या टाकीजवळच्या मास्तरांचा कपाटात. बसस्टँडवरचा तिकीटवाला घालतो, पण फक्त लग्नकार्याला. आणि शाळेसमोरच्या आजोबांनी तर त्यात छत्र्या ठेवल्यात, बाई!"

अकरा जण निघाले. त्यातले रोज पाय घालणारे तीन. उरलेल्या आठांतले पाच पाय थोरलीच्या हातचे होते.

तीन आठवडे संपले, वडिलांचं प्लास्टर निघालं, आणि थोरलीने मोठ्या सरांना फोन करून सांगितलं, की मी परत येत नाही. इथेच काम सुरू करते.

सर आधी हसले. मग म्हणाले, "हे बघ, तिथे तुला कच्चा माल कोण देणार? एखादा सांधा बिघडला तर विचारणार कोणाला? आणि तुझं गाव म्हणजे ना धड खेडं ना धड शहर. कोणी फिरायलासुद्धा जात नाही तिथे. वर्षभरात हात गंजतील तुझे."

"कदाचित," थोरली म्हणाली. सरांवर तिचा राग नव्हता. हातात कानस कशी धरायची, हे त्यांनीच शिकवलं होतं.

वडिलांना मात्र हे रुचलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "लोकांना पायांवर उभं करायला निघालीस. आधी स्वतःच्या पायांचं बघितलंस का? चौदा वर्षांत कमावलेलं नाव आहे तिथे. इथे कोण ओळखतं तुला? सुताराची थोरली म्हणतील, झालं."

"म्हणू देत. सुताराचीच आहे."

वडील उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची. लोक आता फोनवरच फोटो काढतात, त्यामुळे स्टुडिओवाल्याने दुकान उठवलं होतं. थोरलीला ती जागा पसंत पडली ती तिथल्या मोरीमुळे. फोटो धुवायच्या खोलीत मोठी दगडी मोरी होती, आणि प्लास्टरच्या कामाला पाणी आणि निचरा आधी लागतो. पुढच्या खोलीच्या भिंतीवर स्टुडिओवाल्याचा रंगवलेला पडदा तसाच होता: निळं तळं, दोन हंस, मागे बर्फाचे डोंगर. वडील म्हणाले, पडदा काढून टाक. थोरली म्हणाली, राहू दे, चालायला शिकणाऱ्याला कुठेतरी जातोय असं वाटेल.

छोट्या गावाचं एक बरं असतं: मोठ्या शहरात जी गोष्ट मागवावी लागते, ती इथे कोणाच्या तरी अंगणात पडलेली असते. प्लास्टिकचा पत्रा मऊ करायला भट्टी हवी होती. बेकरीवाल्याची जुनी विजेची भट्टी दार निखळल्यामुळे मागे धूळ खात होती, ती त्याने दिली. दार वडिलांनी बसवलं. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, पण हातोडी हातात आल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. चालण्याच्या सरावासाठी दोन्ही बाजूंना धरायचे लाकडी कठडे त्यांनीच केले आणि असे घासले, की हात फिरवला तर रेशीम वाटावं.

आणि छोट्या गावाचं वाईट ते हे, की कठडे तयार झाले, भट्टी तापली, पाटी लागली, आणि दोन महिने कोणी फिरकलं नाही.

पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. शिंपी म्हणाला, "पोरी, तू चांगलीच असशील, पण पायाचं काम आहे, मोठ्या ठिकाणीच केलेलं बरं." ज्या मोठ्या ठिकाणी त्याचा पाय झाला होता, तिथे तो याच पोरीने केला होता, हे सांगूनही त्याला पटेना. गावातले एकुलते एक हाडांचे डॉक्टर पेशंटला सरळ मोठ्या शहराची चिठ्ठी देत. थोरली त्यांना भेटायला गेली. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि नम्रपणेच सांगितलं, "बघू या. आधी तुमचं काम दिसू दे." काम दिसायला पेशंट हवा, पेशंट यायला चिठ्ठी हवी. तोवर पेशंट सात तासांची बस धरायचे: काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

शेजारच्या काकूंनी तर वेगळाच शोध लावला. "तिकडे काहीतरी झालं असणार. नाहीतर एवढी चांगली नोकरी सोडून कोण येतं? एकटी बाई, अडतीस वर्षांची, काय समजायचं ते समजा." हे वाक्य तीन गल्ल्या फिरून संध्याकाळच्या आत थोरलीपर्यंत आलं. मोठ्या शहरात ती चौदा वर्षं एकाच इमारतीत राहिली होती, आणि समोरच्या दारातल्या माणसाला तिचं आडनाव माहीत नव्हतं. तेव्हा तिला ते एकटेपण वाटायचं. आता तिला कळलं, की ती एक प्रकारची चैनही होती.

शेवटी एका दुपारी टपालताईच कुबड्या दाराशी टेकवून आत येऊन बसली.

"पोस्टमास्तर म्हणाले, पुढच्या एक तारखेपासून माझी फेरी दुसऱ्याला देणार. कुबड्यांवर आता वेग राहिला नाही. मला आत बसून शिक्के मारायला सांगतायत."

"मग?"

"मग काय! खुर्चीत बसवलेली बाई आणि कपाटात ठेवलेला पाय, फरक काय? वीस वर्षं रस्ता आहे माझा. तू म्हणाली होतीस ना, पाय नीट करून देते? दे."

एक तारखेला सव्वीस दिवस होते.

थोरलीने जुनी वाटी बाजूला ठेवली आणि नवीन साचा घेतला. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुडघ्याखाली गुंडाळल्या, आत बोटं दाबून हाडाच्या जागा खुणावल्या, साचा भरला, ठोकळा निघाला. कुठे खरवडायचा, कुठे भर घालायची, हे तिला डोळे मिटून येत होतं. भट्टीत पत्रा मऊ झाला, ठोकळ्यावर ओढला, कापला, घासला. आठव्या दिवशी टपालताई कठड्यांच्या मधून हंसांच्या दिशेने चालत गेली आणि परत आली. एकदा, दोनदा, दहादा. चेहऱ्यावर एक आठी नाही. दोघी हसल्या. वडिलांनी स्वतः चहा करून आणला.

नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता भर चौकात टपालताई पडली.

उतारावरून खाली येताना वाटी आतल्या आत फिरली, पाऊल वाकडं पडलं आणि ती पिशवीसकट कोसळली. पत्रं वाऱ्यावर रस्ताभर गेली. बेकरीवाला धावला, तिकीटवाला धावला, शाळेची मुलं पत्रं गोळा करायला धावली. कोपर फुटलं होतं, बाकी काही नव्हतं. पण दुपारी बातमी गिरणीपर्यंत पोचली तेव्हा पाय निखळला होता, टाकीपर्यंत पोचली तेव्हा तो गटारात वाहून गेला होता, आणि संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर टपालताई मरता मरता वाचली होती.

मोठ्या कार्यशाळेतही वाट्या चुकायच्या. पण तिथली चूक बस धरून निघून जायची. इथली चूक घरासमोरून रोज जाणार होती.

थोरली टपालताईच्या घरी गेली तेव्हा कोपराला पट्टी बांधून ती गहू निवडत बसली होती. पाय भिंतीशी उभा होता. माळ्यावर गेला नव्हता, हे थोरलीने आधी पाहिलं.

"चूक माझी आहे," थोरली म्हणाली. "कुठे आहे, ते मला कळलेलं नाही."

"मला वाटलं, तू म्हणशील की मी नीट चालले नाही. तिथे तसंच सांगायचे."

"उद्यापासून मी तुमच्याबरोबर येते. सगळी फेरी. कुबड्यांवर चाला, पाय मी पिशवीत घेते. जिथे जमेल तिथे घाला, जिथे टोचेल तिथे सांगा."

"अगं, सगळं गाव बघेल!"

"बघू दे. नाहीतरी बघतंच आहे."

सहा दिवस थोरली त्या फेरीवर चालली. हातात वही, पाठीला पिशवी, पिशवीत पाय. लोक दारात येऊन बघायचे. कोणी विचारायचं, "आता तूही टपाल वाटतेस का गं?" ती म्हणायची, "शिकतेय." पहिल्या दोन दिवसांत तिला कळलं, की चौदा वर्षांत ती जे शिकली नव्हती ते या अकरा गल्ल्यांत पसरलेलं आहे. कार्यशाळेची फरशी सपाट होती. हे गाव सपाट नव्हतं. चौकापासून गिरणीपर्यंत सगळा उतार. टाकीजवळ बावीस पायऱ्या, त्यातल्या सातव्या पायरीचा दगड हलतो. पिशवी कायम उजव्या खांद्यावर, म्हणून शरीर डावीकडे झुकलेलं. सकाळी पिशवी जड, दुपारी हलकी, म्हणजे तोलही दर तासाला बदलणारा.

आणि खरी गोष्ट तिसऱ्या दिवशी सापडली. पावणेबाराला मास्तरांच्या पायरीवर बसून टपालताईने पाय काढला, तेव्हा थोरलीने टेप लावली. सकाळचं माप तिच्या वहीत होतं. उरलेला पाय दुपारपर्यंत चांगलाच बारीक झाला होता. दिवसभर चाललं की तसं होतं, हे पुस्तकात तीही शिकली होती. पण कार्यशाळेत माणूस सकाळी यायचा, अर्धा तास चालायचा आणि जायचा. दुपारचा पाय तिने कधी मापलाच नव्हता. सकाळी घट्ट बसलेली वाटी दुपारी सैल व्हायची, पाय आत खोल उतरायचा, टोक टोचायचं, आणि उतारावर सगळं फिरायचं.

"ताई, तुमचा पाय सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा," ती म्हणाली.

"माझा नवराही तसाच होता," टपालताई म्हणाली. "त्यावर काही औषध नव्हतं. याच्यावर आहे का?"

मास्तर आतून हसले. दार उघडंच होतं. थोड्या वेळाने ते पाणी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "माझाही दुपारीच दुखतो. मला वाटायचं, वय झालं."

त्याच आठवड्यात मोठ्या सरांचा फोन आला. दुपारची वेळ होती, थोरलीचे दोन्ही हात प्लास्टरने भरले होते, फोन वडिलांनी तिच्या कानाला लावून धरला. सर निवृत्त होत होते. त्यांच्या जागेवर त्यांनी तिचं नाव सुचवलं होतं. चाळीस माणसं हाताखाली, परदेशातून आलेली नवीन यंत्रं. "शुक्रवारपर्यंत सांग. आणि खरं सांगू? इथे तुझी चूक झाली तर निस्तरायला दहा जण आहेत. तिथे तू एकटी आहेस."

वडिलांनी फोन ठेवला. तिच्या हातावरचं प्लास्टर सुकून तडकायला लागलं होतं. सरांचं म्हणणं खरं होतं, शब्दन् शब्द. कोणाला तरी हा साचा दाखवावा, "बघ ना, इथे काय चुकतंय" असं विचारावं, असं माणूस या गावात नव्हतं. पाऊल मागवलं तर बारा दिवस लागत होते. वीज दिवसातून दोनदा जायची, आणि अर्धवट तापलेला पत्रा फेकून द्यावा लागायचा. गावात धड एक पुस्तकाचं दुकान नव्हतं. बोलायला जावं, तर बोलणं फिरून तिच्या लग्नावर यायचं. ती मोरीवर गेली, हात धुतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

वडील दारात आले. "जायचं असेल तर जा. माझ्यासाठी थांबू नकोस. माझं मनगट आता वळतंय."

"तुमच्यासाठी थांबलेले नाहीये बाबा."

"मग कोणासाठी?"

तिने विचार केला. "दुपारचं माप घेण्यासाठी," ती म्हणाली. "तिथे ते घेता येत नाही. कितीही यंत्रं आली तरी."

वडिलांना हे किती समजलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि कानस उचलून तिच्या हातात दिली. शुक्रवारची वाट न बघता तिने त्याच संध्याकाळी सरांना नकार कळवला.

दुसरी वाटी तिने दुपारच्या मापावर केली. सकाळी पाय बसायला थोडी घट्ट, म्हणून पुढची बाजू जरा उघडी ठेवून पट्ट्याने आवळता येईल अशी. दिवस चढेल तसा पट्टा एकेक भोक पुढे. टाकीजवळच्या पायऱ्यांवर बसून आत एक जास्तीचा मोजा चढवायचा, हे ठरलेलं. पाऊल उतारासाठी किंचित फिरवलं, टाच मऊ केली. आणि पिशवी दोन्ही खांद्यांवर येईल असे पट्टे गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतले. पट्टे हातात देताना शिंपी म्हणाला, "माझा खाटेखाली आहे. दुपारी आलो तर चालेल का?"

"दुपारीच या," थोरली म्हणाली.

एक तारखेला तीन दिवस उरले असताना टपालताई पाय घालून फेरीला निघाली. कुबड्या घरी. या वेळी थोरली बरोबर गेली नाही. ती स्टुडिओत बसून राहिली, आणि इतक्या दिवसांत हेच सगळ्यांत अवघड काम होतं. चौकातून बेकरीवाल्याने निरोप धाडला: उतार उतरली. साडेअकराला कोणीतरी सांगून गेलं: टाकीपाशी बसलीय, मोजा घालतेय. मोठ्या शहरात तिला अशा बातम्या कोणी दिल्या असत्या? ज्या तोंडांनी पाय गटारात वाहून नेला होता, तीच तोंडं आता तो पायऱ्या चढवून नेत होती. गावाला मीठमसाला लावायची सवय, त्यामुळे दोनच्या सुमाराला टपालताई धावली असंही ऐकू आलं.

ती धावली नव्हती. पण हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता, आणि गेली दोन वर्षं त्यांचं टपाल ती खाली औषधवाल्याकडे ठेवायची. त्या दिवशी ती जिना चढून वर गेली आणि पत्रं त्यांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टर पेशंट तपासत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, खुर्चीवरून उठले आणि जिन्यापर्यंत आले, ती उतरते कशी ते बघायला.

संध्याकाळी ते स्टुडिओत आले. वाटी हातात घेऊन उलटसुलट केली, पट्टा ओढून पाहिला. "हे असं उघडं ठेवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. टपालाच्या फेरीने."

"टिकेल?"

"माहीत नाही. तुटलं तर मी चौकातच भेटेन."

डॉक्टर हसले नाहीत. ते हसणारे गृहस्थ नव्हते. पण पुढच्या सोमवारी त्यांच्या अक्षरातली पहिली चिठ्ठी आली.

सगळं गोड झालं असं नाही. शाळेसमोरच्या आजोबांनी छत्र्या काढायला साफ नकार दिला, म्हणाले, "आता मला कुठे जायचंय?" तिकीटवाल्याची वाटी दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा गावाला कळलं. विजेसाठी वेगळी लाइन मागणारा तिचा अर्ज कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. ती दर मंगळवारी जाऊन तो पुढच्या टेबलावर सरकेपर्यंत तिथे बसून राहायची. काकूंनी लग्नाचा विषय सोडला नाही. पण वर्षभरात आठांतले सहा पाय रस्त्यावर आले, आणि आसपासच्या वस्त्यांतून माणसं येऊ लागली. मोठ्या सरांच्या जागेवर आलेल्या नव्या प्रमुखाने एकदा फोन करून विचारलं, की तुम्ही दुपारी माप घेता म्हणे, ते कसं? तिने अर्धा तास सांगितलं.

एका बुधवारी दुपारी एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. जन्मतःच उजवा पाय घोट्यापाशी संपलेला. मुलगी कठडे धरून, पडद्यावरचे हंस खरे आहेत का, हे विचारत होती. थोरलीने माप घेतलं आणि समजावून सांगितलं: ही वाढत्या वयाची आहे. दरवर्षी वाटी लहान होईल, दरवर्षी नवी करावी लागेल. मधे मधे टोचेल, तेव्हा लगेच आणायचं, अंगावर काढायचं नाही.

आईने मान डोलावली. मग जरा अडखळत म्हणाली, "ताई, राग मानू नका. इथे चांगली माणसं टिकत नाहीत हो. शाळेतले मास्तर बदली करून जातात, डॉक्टर जातात. आम्ही हिला तुमची सवय लावायची, आणि तुम्ही..."

थोरलीने टेप गुंडाळली. मुलीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे, डोक्यापासून पायांपर्यंत. बाई चांगली उंच होती.

"वडीलही एवढेच उंच आहेत का?"

"माझ्यापेक्षा वीतभर जास्त."

"म्हणजे अजून नऊ-दहा वर्षं तरी वाढणार ही," थोरली म्हणाली आणि वहीत मुलीच्या नावाखाली दहा ओळी मोकळ्या सोडल्या. "चल गं, बूट काढ. आणि हंसांकडे बघू नकोस, समोर बघून चाल."